पाठच्या भावाच्या शेजारची जागा: दफनभूमी चालवणाऱ्यांना आणि तिचे नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

दफनभूमी चालवणाऱ्या, तिचे नियम ठरवणाऱ्या आणि ऑफिसच्या खिडकीमागे बसून ते नियम आम्हाला सांगणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

काय हवंय ते आधीच लिहून टाकते, कारण लांबलचक पत्राच्या शेवटापर्यंत फार कुणी जात नाही. मला माझ्या मरणानंतर माझ्या पाठच्या भावाच्या शेजारी जागा हवी आहे. ती जागा आज रिकामी आहे. मी तिचे पैसे भरायला तयार आहे, माझ्या नवऱ्याची हरकत नाही, मुलांची नाही, आईबाबा होते तोवर त्यांचीही नव्हती. पण तुमच्या फॉर्मवर 'मृताशी नाते' असा जो रकाना आहे त्यात पती-पत्नी आहे, आईवडील आहेत, मुलं आहेत, भाऊ-बहीण नाही, आणि शेजारची जागा राखून ठेवायचा हक्क तर फक्त जोडीदाराला आहे. माझ्या भावाचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे नियमाप्रमाणे त्याच्या शेजारी हक्काने येऊन झोपेल असं कुणीच उरत नाही, आणि मी तर तिथे उभी होते, त्याची सख्खी बहीण, हातात अर्ज घेऊन.

कुठली दफनभूमी आणि कुठलं ऑफिस हे मुद्दाम लिहीत नाहीये. खिडकीमागच्या माणसाने मला खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं, नियमाचं पान काढून दाखवलं. नियम त्याने केलेला नाही. आणि हा नियम एकाच ठिकाणचा आहे असंही नाही, थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, म्हणून पत्र सगळ्यांनाच लिहितेय. आमचं गाव कुठलं, आम्ही कोण, हेही सोडून देते, कारण जिथे जिथे माणसं पुरली जातात तिथे तिथे कुणाचा तरी भाऊ नाहीतर कुणाची तरी बहीण आहेच.

त्याच्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी जागेसाठी एवढा हट्ट का धरलाय ते कळेल.

लहानपणी कानाच्या दुखण्यात त्याचा डावा कान गेला तो कायमचाच. तेव्हापासून आमच्या घरात कुणी कुठे बसायचं हे त्या कानावरून ठरायला लागलं. जेवताना मी त्याच्या उजवीकडे, शाळेच्या रस्त्यावर मी उजवीकडे, बसमध्ये खिडकी कुणाची यावर भांडण व्हायचंच नाही कारण जी उजवी बाजू येईल ती माझी. रात्री आम्ही शेजारी शेजारी झोपायचो आणि हा चांगला कान उशीत दाबून झोपायचा, की मग घरात कितीही आवाज असू दे याला काही ऐकू येणार नाही, आणि काही बोलायचं असलं की उताणा व्हायचा. तो उताणा झाला की मला अंधारातही कळायचं की आता हा बोलणार. बाकी सगळ्यांना तो अबोल वाटायचा. अबोल नव्हता हो, समोरचा चुकीच्या बाजूला बसलेला असायचा एवढंच, आणि दर वेळी 'जरा इकडे येऊन बोला' असं सांगायची त्याला लाज वाटायची, मग तो नुसता हसून मान हलवायचा.

पुढे आम्ही मोठे झालो, माझं लग्न झालं, संसार झाला, तो एकटाच राहिला, त्याच्या मर्जीने राहिला, त्यात बिचारा वगैरे काही नव्हतं. आजार निघाला तो लांबत गेला. शेवटच्या महिन्यांत हॉस्पिटलमध्ये पलंगाच्या उजव्या बाजूला सलाईनचा स्टँड आणि मशीन, आणि नातेवाइकांची खुर्ची डावीकडे. डॉक्टर येऊन डावीकडून बोलायचे आणि हा हसून मान हलवायचा. मी तिथल्या सिस्टरना सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळं डावीकडे नेलं आणि खुर्ची उजवीकडे ठेवली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, कारण आमचं जे काही बोलणं झालं ते त्या खुर्चीमुळे झालं. त्या बोलण्यातच तो म्हणाला की मला पुरा, वर सिमेंटचा चौथरा नको, नुसती माती राहू दे, आणि ताई, बाजूची जागा तुझ्यासाठी ठेवायला सांग बाबांना. बाबांना मी सांगितलं, बाबा हो म्हणाले.

आता तो गेला त्या दिवसाचं. तो दिवस मी इथे उलगडत बसणार नाही. पण त्या दिवसातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. बाबांनी ऑफिसात सही केली, पावती घेतली, कबर खोदली गेली. खूप महिन्यांनी, माती दबून खाली गेली होती म्हणून भर घालायला मी गेले, तेव्हा कबर खोदणारे काका भेटले. पावसाने माती बसते, एक-दोनदा भर घालावी लागते, दगड लगेच उभा केला तर कलंडतो म्हणून थांबायचं असतं, हे सगळं त्यांनीच मला समजावलं, फावड्याच्या दांड्याने माती थापटत थापटत. आणि बोलता बोलता म्हणाले, तेव्हाच सांगितलं असतं तर मी दोन माणसांची खोदली असती. म्हणजे एकाच कबरीत दोघांना ठेवायचं तर पहिल्या वेळीच खोल जावं लागतं, पहिला माणूस खाली ठेवून वर मातीचा थर आणि मग कधीतरी दुसऱ्याची जागा. नंतर ते करता येत नाही, खालच्याला हलवल्याशिवाय.

हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. एकाची की दोघांची, एवढा एक प्रश्न. ज्या घरात नुकतंच माणूस गेलंय त्या घराला हा प्रश्न सुचेल कसा? तो विचारायचं काम तुमचं आहे. छापील फॉर्ममध्ये दगडाची उंची किती इंच असावी ते आहे, फुलं किती दिवसांनी उचलणार ते आहे, आणि खोली किती ठेवायची हा प्रश्न नाही, जो आयुष्यात एकदाच विचारता येतो.

तर आता माझ्यासाठी त्याच्या कबरीतला रस्ता बंद आहे, उरली शेजारची जागा, आणि ती त्याच्या उजव्या हाताची आहे.

मला ठाऊक आहे की मेलेल्या माणसाला कान नसतात. मला कुणी समजावू नका. माझी मागणी त्याच्या कानासाठी नाहीये, ज्या बाजूला मी सबंध आयुष्य चालले त्या बाजूला माझा शेवट व्हावा एवढीच आहे, आणि त्याने ती स्वतःच्या तोंडाने मागितली होती.

लोक विचारतात, मग नवरा? नवऱ्याच्या शेजारी नको? हा प्रश्न तुमच्या ऑफिसातही विचारला गेला, जरा अवघडून. माझ्या नवऱ्याने देहदानाचा फॉर्म भरलाय, त्याचं शरीर शिकणाऱ्या मुलांच्या टेबलावर जाणार, त्याची तशी इच्छा आहे आणि मला ती पूर्ण मान्य आहे. त्याने मला जे सांगितलं ते असं की तू माझ्याबरोबर जगलीस ना, झालं की मग. इतकं साधं आहे ते. आमच्या लग्नाला यात काही उणं येत नाही. जोडीदाराच्या शेजारी ज्याला जायचंय त्याने जरूर जावं, पण तीच एक जागा माणसाची असं तुम्ही कशावरून धरून चालता?

आणि हे माझ्याच डोक्यातून निघालेलं खूळ नाही. विन्सेंट व्हॅन गॉग २९ जुलै १८९० ला गेला आणि फ्रान्समधल्या ओव्हेरला त्याला पुरलं. त्याचा धाकटा भाऊ थिओ, ज्याने आयुष्यभर त्याला पैसे पुरवले, रंग पुरवले, पत्रं लिहिली, तो सहा महिन्यांत, २५ जानेवारी १८९१ ला गेला, वय फक्त ३३. त्याला हॉलंडमध्ये उट्रेख्टला पुरलं. पदरात वर्षाचं पोर घेऊन मागे राहिलेली त्याची बायको योहाना हिने पुढे त्या दोघांची पत्रं लावली, छापली, आणि १९१४ मध्ये नवऱ्याचे अवशेष काढून ओव्हेरला नेले आणि विन्सेंटच्या शेजारी ठेवले. आज तिथे दोन सारखे दगड आहेत आणि दोन्ही कबरींवर एकच आयव्हीचा वेल पसरलाय. बायकोनेच नवऱ्याला त्याच्या भावाकडे नेलं हो. तिला विचारलं असतं तुमच्या फॉर्मवर सही करा म्हणून, तर ती कुठल्या रकान्यात बसली असती मला माहीत नाही.

बर्लिनमध्ये ग्रिम बंधू, गोष्टी गोळा करणारे, शेजारी शेजारी आहेत. विल्हेल्म १८५९ मध्ये गेला, याकोब १८६३ मध्ये. याकोबने लग्न केलंच नाही, भावाच्या संसारातच राहिला. विमानवाले राइट बंधू, दोघंही अविवाहित, विल्बर १९१२ ला गेला आणि ऑरविल त्याच्यानंतर ३६ वर्षांनी, १९४८ मध्ये, आणि दोघंही डेटनच्या त्याच कौटुंबिक जागेत आहेत, आईवडील आणि बहीण कॅथरिन यांच्याजवळ. ३६ वर्षं ती जागा कुणीतरी सांभाळली ना? तेवढंच मी मागतेय.

आणि एक बाई, जिच्याबद्दल वाचलं तेव्हा मी हातातलं काम टाकून नुसती बसून राहिले. कॅरोलिन हर्शेल. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलची बहीण, स्वतः धूमकेतू शोधणारी. रात्र रात्र भावाबरोबर दुर्बिणीपाशी बसून त्याने सांगितलेली निरीक्षणं उतरवून घ्यायची. विल्यम १८२२ मध्ये इंग्लंडमध्ये वारला, तिथेच पुरला गेला, आणि ही जर्मनीत हॅनोव्हरला परत गेली, १८४८ मध्ये ९७ व्या वर्षी वारली. दोघांच्या मध्ये समुद्र. तिने आधीच सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे तिच्या पेटीत भावाच्या केसांची एक बट आणि वडिलांचं जुनं पंचांग ठेवलं गेलं. तिच्या कबरीवरचा मजकूरही तिने स्वतःच लिहून ठेवलेला. म्हणजे शेजारी जाता येत नाही हे ठाऊक असलेल्या बाईने काय करता येईल ते बघितलं आणि सांगून ठेवलं आणि लोकांनी ते केलं.

मला केसांची बट नको, माझा भाऊ समुद्रापलीकडे नाहीये. मोकळ्या जागेच्या पलीकडे आहे, हाताच्या अंतरावर.

आता दुसरी गोष्ट, ती जागेइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल लोकांना फारसं माहीतच नसतं. कबर कायमची नसते. आपण दगडावर नाव कोरतो आणि आपल्याला वाटतं झालं, आता हे इथेच. पण बऱ्याच ठिकाणी कबर मुदतीवर असते. जर्मनीत साधारण १५ ते ३० वर्षं, ते मातीवर आणि तिथल्या स्थानिक नियमांवर ठरतं. सिंगापूरमध्ये १९९८ पासून १५ वर्षं, मग अवशेष बाहेर काढायचे. ग्रीसमध्ये तर बऱ्याच ठिकाणी तीनेक वर्षांतच हाडं काढून अस्थिगृहात ठेवतात. लंडनमध्ये २००७ च्या कायद्याने जुन्या कबरी पुन्हा वापरता येतात पण शेवटच्या दफनाला निदान ७५ वर्षं झालेली हवीत, आणि आधी नोटीस लावावी लागते. जागा कमी, माणसं जास्त, हे मला समजतं. मुदतीवर माझा राग नाही. जमीन काही कुणी वाढवून आणू शकत नाही आणि आपल्या मागून येणाऱ्यांनाही मातीची गरज लागणारच आहे.

फक्त मुदत संपताना तुम्ही पत्र कुणाला पाठवता? ज्याच्या नावावर हक्क आहे त्याला. आमच्या भावाच्या कबरीचा हक्क बाबांच्या नावावर. बाबा गेले. उद्या मुदत संपली तर तुमचं पत्र बाबांच्या नावाने, जुन्या पत्त्यावर जाणार, परत येणार, तुम्ही 'प्रतिसाद नाही' असं लिहिणार आणि कबर मोकळी करणार. कायद्याने तुमचं काही चुकणार नाही. आणि मी त्याच शहरात, जिवंत, आणि मला कळणारसुद्धा नाही. ज्यांची मुलं आहेत त्यांचा हक्क मुलांकडे जातो. जे एकटे गेले त्यांच्या कबरी आईबापांच्या नावावर असतात आणि आईबाप तर आधीच थकलेले असतात, म्हणजे या कबरी सगळ्यात आधी बेवारस ठरणार, भाऊ-बहीण ढळढळीत हयात असताना. विचार करून बघा, माणसाचं सगळ्यात लांब पल्ल्याचं नातं कुठलं? आईबाप अर्ध्यात जातात, जोडीदार आणि मुलं अर्ध्यात येतात, भावंडं पहिल्यापासून शेवटपर्यंत असतात. मुदत सांभाळायला याहून योग्य माणूस तुम्हाला कोण मिळणार आहे?

वाढीव मुदतीचे पैसे भरायला मी गेले तेव्हा मला सांगितलं गेलं की हक्कदाराचं संमतीपत्र आणा. हक्कदार म्हणजे बाबा.

मातीचाही एक मुद्दा आहे, तो काकांनीच माझ्या डोक्यात घातला आणि मग मी वाचलं. सगळ्या जमिनीत माणूस सारख्या वेळात मातीत मिसळत नाही. भुसभुशीत, हवा खेळणाऱ्या मातीत लवकर, चिकण मातीत सावकाश. आणि माती सतत ओली राहिली, हवा पोचलीच नाही, तर शरीरातल्या चरबीचं मेणासारखं काहीतरी बनतं आणि पुढचं सगळं थांबतं, वर्षानुवर्षं तसंच राहतं. जर्मनीतल्या काही दफनभूमींना हा त्रास झालेला आहे, मुदत संपल्यावर उघडलं तर काम झालेलंच नाही. आणि आपण वरून सिमेंट ओततो, आतून जाड पॉलिश केलेली पेटी घालतो, शरीर कुजू नये म्हणून त्यात फॉर्मेलिन हे रसायन भरतो, म्हणजे मातीला जे करायचंय ते करू द्यायचं नाही याची जणू पूर्ण तयारी. माझ्या भावाने वर नुसती माती मागितली होती ती किती शहाणपणाची मागणी होती ते मला नंतर कळलं. त्याची कबर तशीच आहे. वर गवत आलंय. ते छाटून सपाट करायची नोटीस दोनदा लागली, ती नोटीसही आम्ही पाळली, पण गवताने कुणाचं काय बिघडतं ते जरा सांगा.

आता माझ्या इच्छा लिहिते. या इथे लिहायचं कारण असं की मी इच्छा लिहून ठेवली तरी ती पाळली जाईलच याची खात्री कायदा देत नाही. इंग्लंडमध्ये १८८२ मध्ये एक खटला झाला होता, हेन्री क्रूकेंडन नावाच्या माणसाने लिहून ठेवलं होतं की मला जाळा, आणि ते काम एलायझा विल्यम्स या मैत्रिणीवर सोपवलं होतं. घरच्यांनी त्याला पुरलं. तिने परवानगी मिळवून त्याला बाहेर काढलं, इटलीत मिलानला नेऊन त्याचं दहन केलं आणि झालेला खर्च मृत्युपत्राप्रमाणे मागितला. कोर्टाने नाही म्हटलं. का, तर मृतदेह ही कुणाची मालमत्ता नसते, मग माणूस स्वतःच्या देहाची विल्हेवाट मृत्युपत्राने कशी लावणार? कायद्याचा तर्क मला समजतो. पण मला ती बाई दिसते, मित्राचं शेवटचं म्हणणं खरं करायला एवढी धडपडलेली, आणि शेवटी हात हलवत परत आलेली. तसं माझ्या मुलांचं होऊ नये. शिवाय मृत्युपत्र उघडतात कधी, सगळं उरकल्यावर. म्हणून इच्छा कपाटात ठेवून उपयोग नाही, ती चार लोकांना माहीत पाहिजे, आणि माझं म्हणणं आहे की ती तुमच्याकडे नोंदलेली पाहिजे.

माझे डोळे आधी द्या. सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून रडत बसायच्या आधी तो फोन करा. बाकी अवयव कामाचे निघाले तर तेही द्या.

मला फॉर्मेलिन भरू नका. कुणी परगावाहून यायचं म्हणून दोन दिवस ठेवायचं असेल तर थंड पेटीत ठेवा, आणि उशीर होत असेल तर थांबूही नका, जे पोचतील ते पोचतील. फॉर्मेलिनमधलं फॉर्मल्डिहाइड कॅन्सरला कारण ठरतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे, ते ज्याला हाताळावं लागतं त्या माणसाचा तरी विचार करावा.

पेटी नको. साधं सुती कापड. कापडात पुरायला तुमच्याकडे बंदी असेल तर सगळ्यात हलकी, बिनपॉलिशची, लाकडाची. खालून-वरून सिमेंट नको. इंग्लंडात कार्लाइलला १९९३ मध्ये नैसर्गिक दफनाची जागा सुरू झाली, जिथे असलं काही घालतच नाहीत आणि फार खोलही पुरत नाहीत, कारण जीवजंतू असतात ते मातीच्या वरच्या थरात. तेव्हापासून तशा जागा बऱ्याच देशांत झाल्या. म्हणजे हे होऊ शकतं, कुठे रोगराई पसरली नाही. मला त्यासाठी वेगळ्या ठिकाणी जायचं नाही, मला आहे तिथेच, त्याच्या शेजारी, तसं पुरा.

दगड त्याच्या दगडाएवढाच, एक बोटभरही उंच नको. नाव, दोन वर्षं, आणि खाली 'ताई'. बाकी काही लिहू नका, कुणाची पत्नी, कुणाची आई, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

मुलांनो, हे तुम्हीही वाचाल. वर्षातून यायलाच पाहिजे असं काही नाही. तुम्ही लांब असाल, तुमचे व्याप असतील. मामाजवळ आहे मी, एकटी नाही, एवढं लक्षात ठेवा. पण मुदतीचं पत्र आलं तर उघडून बघा, आणि वाढवणं परवडत नसेल तर वाढवू नका, खरंच नको. तेव्हा फक्त एक करा. हाडं काढायची वेळ आली तर दोघांची एकदमच काढायला सांगा आणि एकत्र ठेवा, एका पेटीत, सरमिसळ झाली तरी चालेल.

तर आता तुमच्याकडे परत येते.

फॉर्मवर भाऊ आणि बहीण लिहा. एका ओळीचा बदल आहे. ज्याला जोडीदार नाही, मूल नाही, त्याच्या शेजारची जागा भावंडाला राखून ठेवता येऊ द्या, ठराविक वर्षांसाठी का होईना, भाडं घ्या त्याचं. पहिल्या दफनाच्या वेळी विचारा, एकाची की दोघांची, आणि उत्तर द्यायला त्या घराला तासभर द्या, तेवढ्यात एखादं जाणतं माणूस पुढे येतं. प्रत्येक कबरीमागे दुसरं नाव आणि दुसरा फोन नंबर लिहून घ्या, म्हणजे हक्कदार गेला तरी पत्र कुणाला तरी पोचेल, आणि ज्याला ते पोचेल त्याला निदान मुदत वाढवायचे पैसे भरू द्या, त्यासाठी मेलेल्या बापाची संमती मागू नका. माणूस जिवंत असताना येऊन 'मला असं पुरा' म्हणून लिहून देऊ शकेल असं एक रजिस्टर ठेवा. कायद्याने ते बंधनकारक नसलं तरी चालेल, तुमच्या माणसाने ते त्या दिवशी घरच्यांसमोर उघडून वाचून दाखवलं तरी पुष्कळ झालं. दुःखातली माणसं बहुतेक वेळा वाकडं वागत नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

इंग्लंडमध्ये मृताच्या अवयवांबद्दल कुणाची संमती घ्यायची याची उतरंड २००४ च्या कायद्यात दिलेली आहे. आधी जोडीदार, मग आईवडील किंवा मुलं, मग भाऊ-बहीण. आम्ही तिसरे. तिसरे तर तिसरे, मी पहिल्या नंबरसाठी भांडत नाहीये. उतरंडीत नाव तर आहे.

ज्यांचे भाऊ-बहीण गेलेत त्यांना माहीत असेल, त्या दिवसापासून लोक आपल्याला एकच वाक्य सांगतात, आता आईबाबांना तू सांभाळ. बरोबरच आहे, सांभाळायलाच हवं, मी सांभाळलं. पण माझं काय गेलं हे विचारायला फारसं कुणी आलं नाही, आणि तुमचा तो रकाना बघितल्यावर मला समजलं की हे फक्त आमच्या शेजाऱ्या-पाजाऱ्यांचं नाही, ते छापलेलंच आहे. म्हणून ते खोडून नव्याने छापायला सांगतेय.

मी अर्ज पुन्हा केलेला आहे. सोबत नवऱ्याचं आणि दोन्ही मुलांचं लेखी म्हणणं जोडलंय. उत्तर लेखी द्या. 'नियमात बसत नाही' एवढंच नको. कुठला नियम, तो कुणी आणि कधी केला, आणि बदलायचा अधिकार कुणाच्या हातात आहे ते लिहा, म्हणजे पुढचं पत्र मी त्यांना पाठवीन. आणि उत्तर येईपर्यंत ती उजवीकडची जागा कृपा करून कुणाला देऊ नका.

कळावे.

त्याची ताई